पोकेमॉन एमराल्ड: रूबी-सफायरची गाइड उघडून बसू नका, या चुका टाळा

एमराल्ड या गेममध्ये अडकलेल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. होएन हा प्रदेश तोच, गावं तीच, म्हणून ते रूबी-सफायरची जुनी गाइड समोर ठेवून खेळतात. निंटेंडोच्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातातल्या कन्सोलवर रूबी-सफायर या गेमची जोडी २००२ मध्ये आली, एमराल्ड २००४ मध्ये. मधल्या काळात कितीतरी उत्तरं बदलली.

सगळ्यात जास्त संध्याकाळी वाया जातात त्या तीन रेजींपायी, म्हणजे रेजीरॉक, रेजीआइस आणि रेजीस्टील या दुर्मीळ पोकेमॉनपायी. त्यांच्या गुहा उघडायला सील्ड चेंबर या बंद खोलीत टीममध्ये रेलिकॅन्थ हा पोकेमॉन पहिला आणि वेलॉर्ड शेवटी, हे जुनं उत्तर. एमराल्डमध्ये नेमकं उलट: वेलॉर्ड पहिला, रेलिकॅन्थ शेवटी. पुढच्या गुहाही वेगळ्या. रेजीरॉककडे दोन पावलं डावीकडे, दोन खाली आणि तिथे रॉक स्मॅश ही मूव्ह (चाल). जुन्या गाइडमधल्या स्ट्रेंग्थने काही होत नाही. रेजीस्टीलच्या खोलीत मधोमध फ्लॅश. रेजीआइससाठी दोन मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहू नका, पाटी वाचून झाली की भिंतीला चिकटून खोलीची पूर्ण फेरी मारा. मी तर सांगेन, भिंतींवरची ब्रेल स्वतःच अक्षर अक्षर लावून वाचा. या गेममधली तीच सगळ्यात सुंदर जागा आहे.

शेवटची लढत ज्याच्याशी असते तो चॅम्पियनही बदललाय. स्टीव्हनच्या स्टील पोकेमॉनसाठी आगीची टीम घेऊन गेलात तर समोर वॉलेस आणि त्याचे पाण्याचे पोकेमॉन उभे असतात. सगळा भार इलेक्ट्रिकवरही टाकू नका. त्याच्या व्हिस्कॅशला वीज लागतच नाही, तिथे ग्रास मूव्ह हवी. मॉसडीप गावच्या जिममध्ये (लढतीच्या आखाड्यात) टेट आणि लायझा हे लीडर दोघं मिळून चार पोकेमॉन आणतात, जुन्या गाइडमध्ये दोनच दिसतील.

आता फीबास या माशासारख्या पोकेमॉनबद्दल, कारण इथली चूक सुधारता येत नाही. रूट ११९ च्या पाण्यात तो फक्त सहा चौकोनांत सापडतो. इतकी मेहनत करून पकडल्यावर हाती येतील ते पोकेब्लॉक (बेरी या फळांपासून बनणारा खाऊ) त्याला भरवत सुटू नका. त्याचं पुढचं रूप मायलोटिक व्हायला ब्यूटी हा गुण किमान १७० व्हावा लागतो, पण प्रत्येक ब्लॉकबरोबर शीन नावाचं मापही वाढत जातं. ते २५५ ला भरलं की तो पोकेमॉन पुन्हा कधीच ब्लॉक खात नाही. माझा पहिला फीबास असाच कायमचा फीबास राहिला, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आधी त्याचा नेचर, म्हणजे स्वभाव, बघा. मॉडेस्ट, माइल्ड, रॅश किंवा क्वायट असेल तर त्याला ड्राय चव आवडते, म्हणजे ब्यूटी लवकर वाढते. अ‍ॅडमंट, इम्पिश, केअरफुल आणि जॉली यांना तीच चव नावडते. असा निघाला तर दुसरा पकडा. मग चांगल्या प्रतीचे निळे, म्हणजे ड्राय चवीचे, ब्लॉक बनवून ठेवा आणि तेच भरवा.

सर्स्किट, मेडिटाइट, रोझेलिया, झँगूस हे पोकेमॉन एमराल्डच्या गवतात नाहीतच. दुसऱ्या गेममधून ट्रेड (अदलाबदल) करूनच मिळतात, शोधत बसू नका.

शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाच्या दुर्मीळ पोकेमॉनसाठी, गेम पुन्हा पुन्हा रीसेट करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवावी. एमराल्डची रँडम आकड्यांची मालिका प्रत्येक रीसेटनंतर त्याच जागेपासून सुरू होते. दर वेळी सारख्याच घाईने बटणं दाबलीत तर तेच ते पोकेमॉन पुन्हा पुन्हा येतात, आणि ८१९२ मध्ये एक ही शक्यता कागदावरच राहते. दर वेळी थांबण्याचा वेळ बदला.

सुरुवातीलाच बॅटरी संपल्याचा संदेश आला तर घाबरून सेव्ह पुसू नका. अस्सल कार्ट्रिजमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, सेल फक्त घड्याळ चालवतो. बंद पडतं ते बेरींचं वाढणं, शोल केव्ह या गुहेतली भरती-ओहोटी, लिलीकोव्ह गावातली लॉटरी. सेल सीआर१६१६, पण तो पत्तीसकट सोल्डर केलेला असतो, तेव्हा पत्तीवालाच घ्या. नवा सेल बसवल्यावरही जुन्या सेव्हमधल्या बेरी हलत नाहीत, कारण घड्याळ सेव्हमधल्या तारखेच्या मागे गेलेलं असतं. नवा गेम सुरू केला की सगळं नीट चालतं.

नकली कार्ट्रिजचं गणित वेगळं. त्यातल्या बऱ्याच कार्ट्रिजमध्ये सेव्हच सेलवर टिकतो, आणि सेल गेला की सेव्हही जातो. घेण्याआधी कडेच्या सोनेरी पिनांच्या वर बोर्डावर निंटेंडोचं नाव छापलेलं आहे का, ते उजेडात धरून बघा.