डायनो बदलला की हॉर्सपॉवर बदलते: दोन ग्राफ ताडून कसे पाहायचे

एकाच गाडीचा हॉर्सपॉवरचा आकडा एका डायनोवर (गाडीची पॉवर मोजायच्या यंत्रावर) ९२ आणि दुसऱ्यावर ८४ आला, तर लगेच इंजिन खोलायला घेऊ नका. आधी डायनो कोणता होता ते विचारा.

इनर्शिया डायनोवर ठरावीक वजनाचा रोलर किती झपाट्याने वेग घेतो, यावरून पॉवर काढतात. एडी करंट डायनो रोलरला ब्रेक लावतो आणि तो जोर लोड सेलवर मोजतो. त्यावर आकडा सहसा कमी येतो. हब डायनोत चाकं काढून यंत्र थेट हबला जोडतात, म्हणजे टायरमधला तोटा मोजणीत येतच नाही. टर्बो गाडीत फरक आणखी वाढतो. हलक्या रोलरवर इंजिन इतक्या पटकन चढतं की खालच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) पुरता भरत नाही. एडी करंटसारख्या लोड डायनोवर भरतो, पण रन लांबला तर इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) तापून पॉवर पडते.

मग करेक्शन बघा, म्हणजे त्या दिवशीच्या हवेवरचा आकडा ठरावीक हवेवर आणायचा हिशेब. एसएई जे१३४९ या मानकात २५ अंश आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब धरतात. जुनं एसटीडी करेक्शन सुमारे ४ टक्के जास्त दाखवतं, नुसत्या हिशेबाने! मुंबईत हवेचा परिणाम मोठा आहे. पावसाळ्यात ३२ अंश, १००४ मिलिबार आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर एसएईचा गुणक साधारण १.०४ येतो, जानेवारीत २८ अंश, १०१३ मिलिबार, ५० टक्क्यांना जवळपास १.००. घाट चढून पुण्याला गेलात तर दाब आणखी उतरतो. टर्बो गाडीत मात्र ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) बूस्ट स्वतःच सांभाळतो, त्यामुळे करेक्शनने आकडा फुगतो. तिचा करेक्शनशिवायचा ग्राफही मागून घ्या.

ब्रोशरमधला पीएस क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनच्या शाफ्टवरचा असतो (१०० पीएस म्हणजे ९८.६ हॉर्सपॉवर). चाकावरच्या आकड्यात सरसकट १५ टक्के मिळवून त्याच्याशी तुलना करू नका.

रन घेताना दोन्हीकडे गियर तोच ठेवा, शक्यतो १:१ च्या जवळचा, बहुतेक गाड्यांत चौथा. टायरची हवा, पेट्रोल आणि स्मूदिंगही (ग्राफची रेघ गुळगुळीत करायचं सेटिंग) तेच. गाडी बांधायचे पट्टे जास्त आवळले तर टायर रोलरवर दाबला जाऊन पॉवर खातो. गिअरबॉक्स गरम झाल्यावर तीन रन घ्या. प्रत्येक रनला आकडा उतरत गेला तर पंखा अपुरा आहे.

शेवटी टॉर्क पडताळा: न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७१२१. ११० न्यूटन मीटर ४००० आरपीएमला असेल तर ६१.८ हॉर्सपॉवर यायला हवी. पॉवर पटते पण टॉर्क गाडीच्या मानाने अचाट दिसतो, तर आरपीएमचा सिग्नल चुकीचा घेतलाय.