विरलेली चादर, गोधडी, ब्लँकेट: दुरुस्त करताना आणि नवं घेताना या चुका टाळा

पांघरूण फाटलं की डोळा भोकावर जातो. पण भोकाभोवतीचा वीतभर कपडा बहुतेक वेळा आधीच विरलेला असतो, आणि ठिगळ टिकणार की नाही हे त्या वीतभर कपड्यावर ठरतं. शेजारपाजारच्या बायका माझ्याकडे जी पांघरुणं दुरुस्तीला आणतात, त्यांतली बरीचशी वापराने थोडी आणि चुकीच्या दुरुस्तीने जास्त फाटलेली असतात. ही पांघरुणं अजून काही वर्षं सहज चालली असती, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आधी धुणं, मग शिवणं

ही सगळ्यांत मोठी चूक. "मळकं कसं द्यायचं" म्हणून आधी मशीनमध्ये टाकतात आणि बोटाएवढं भोक मुठीएवढं होऊन बाहेर येतं. डबलबेडचं मिंक ब्लँकेट (पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिकचं मऊ, केसाळ ब्लँकेट) कोरडंच चार-पाच किलो भरतं. पाणी प्यायल्यावर त्याचा भार सहा-सात किलोच्या घरगुती मशीनला पेलत नाही, आणि स्पिनमध्ये सगळा ताण विरलेल्या जागेवरच येतो. मळकं असलं तरी आधी झटका, तासभर उन्हात टाका, फाटक्या जागेभोवती सैलसर कच्चे टाके घाला. मग धुवा, आणि पूर्ण वाळल्यावर पक्की दुरुस्ती करा. कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना लावून धुऊ नका. मुंबईच्या दमट हवेत त्या गंजतात आणि गंजाचा डाग साबणाने निघत नाही.

वेळही पाळायला हवी. जुलै-ऑगस्टमध्ये जाड पांघरूण धुतलं तर ते दोन-तीन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतं आणि घडीत बुरशी येते. आपल्याकडे दसरा काढायची जी पद्धत आहे, घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, तिच्यामागे शहाणपण आहे. पाऊस ओसरतो, ऊन कडक होऊ लागतं, आणि थंडीला अजून अवकाश असतो. धुण्याबरोबर शिवणकामही तेव्हाच उरका. वाळत घालताना सगळा भार एका दोरीवर टाकू नका, शेजारच्या दोन-तीन दोऱ्यांवर पसरा. ओलं जड पांघरूण एकाच दोरीवर लोंबलं की मधोमध ताणून विरतं.

कपडा न ओळखता सुई लावणं

पांघरूण खिडकीसमोर उजेडाला धरा. आमच्या लालबागेत कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम केलेली जुनी माणसं कापड असंच तपासायची: उभे धागे शाबूत आहेत का, आडवे गेलेत का, की दोन्ही गेलेत. एकाच दिशेचे धागे गेले असतील तर रफू होतं. दोन्ही गेले असतील तर ठिगळ लागतं. मग विरलेल्या जागेवर अंगठा ठेवून जरा दाबा. कपडा तेवढ्यानेच फाटला तर तिथे टाका धरणार नाही. बुरशीच्या काळ्या ठिपक्यांवर ही परीक्षा नक्की करा, कारण बुरशी सुती धागा खाते आणि डाग गेला तरी ताकद परत येत नाही.

धागा कशाचा आहे हे कळत नसेल तर काठाचा एक धागा उपसा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर, स्टीलच्या ताटलीत जाळून बघा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरली तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख असेल तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक. मुलं आसपास नसताना करा. पुढचं सगळं यावर ठरतं: पाणी किती गरम, साबण कुठला, इस्त्री चालेल का, दोरा कुठला.

जुन्याला नवं, कडक ठिगळ

मजबूत ठिगळ लावलं की काम पक्कं होतं, असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटं. नवा जाड कपडा ताण घेत नाही, तो ठिगळाच्या कडेला जुन्या कपड्यावर ढकलतो, आणि पुढच्याच धुण्यात ठिगळाभोवती चौकोनी फाट पडते. शिवाय नवं सूत धुतल्यावर आटतं आणि भोवती चुण्या पडतात. ठिगळासाठी वापरून मऊ झालेलं सुती कापड घ्या. जुनं लुगडं, धोतर, सुती साडीचा धडका भाग, काहीही. ते विरलेल्या जागेच्या चारही बाजूंनी दोन-दोन बोटं धडक्या कपड्यावर यायला हवं.

दोऱ्याचंही तेच. पॉलिएस्टरचा न तुटणारा दोरा विरलेल्या सुती चादरीला सुरीसारखा कापत जातो. सुताला सुती दोरा, लोकरीला लोकर, आणि जाडी मूळ धाग्याइतकीच. मशीनवर बारीक टीप मारायचा मोह टाळा. सुईची भोकं दाटीने पडली की जुना कपडा त्या रेषेवरून फाटतो. टाका लांब ठेवा, नाहीतर हाताने धावदोरा घाला. फेव्हिकॉल किंवा इस्त्रीने चिकटवायची पट्टी तर नकोच. ती कडक होते, धुण्यात सुटते आणि डिंकाने भरलेल्या जागेत सुई जात नाही.

रफू करताना भोकाखाली पालथी वाटी धरा, म्हणजे कपडा ताठ राहतो आणि खालचा पदर टाक्यात सापडत नाही. सुरुवात भोकाच्या काठापासून करू नका, बोटभर बाहेरून, धडक्या कपड्यातून करा. आधी उभे धागे भरा, मग आडवे एकावरून एकाखालून विणा. वळताना दोरा ओढून घट्ट करू नका, टोकाला बारीक सैल फासा राहू द्या. धुतल्यावर दोरा थोडा आटतो, तेव्हा ही सैल जागा कामी येते.

प्रत्येक पांघरुणाचं वेगळं दुखणं

सोलापुरी चादर आधी घडीवर विरते, कारण वर्षानुवर्षं आपण ती त्याच रेषेवर घडी घालतो. अधूनमधून तीन घड्यांची चार करा. दशा, म्हणजे टोकाचे मोकळे धागे, सुटायला लागल्या की त्यांना गाठी मारा. तसं न करता दशा कापून टाकल्या तर आडवे धागे एकामागून एक निसटतात. आणि चादर मधोमध विरली असेल, काठ मात्र दणकट असतील, तर टाकू नका, दंड घाला. लांबीने मधोमध कापायची, विरलेली पट्टी काढून टाकायची, बाहेरचे दोन दणकट काठ मध्ये आणून अर्धा इंच एकमेकांवर चढवायचे आणि दोन सपाट टिपा मारायच्या. विरलेली बाजू आता कडेला गेली, तिला मोड घालून शिवा. रुंदी थोडी कमी होते, पण एका माणसाला उत्तम पुरते. लुगड्या-धोतरांना दंड घालणाऱ्या आज्या घरोघरी होत्या. हे कौशल्य आपण सोडून द्यावं असं मला अजिबात वाटत नाही.

गोधडीचे जुने टाके उसवू नका. आतले थर त्यांनीच धरून ठेवलेले असतात, ते सुटले की गोळा होऊन एका कोपऱ्यात जातात. वरून आणि खालून जुन्या सुती साडीचा एकेक थर चढवा, हाताने सपाट करत सगळीकडे वीतभर अंतराने कच्चे टाके घाला, मगच धावदोरा सुरू करा. कच्च्या टाक्यांचा कंटाळा केला तर शेवटी कापड एका बाजूला उरतं आणि झोळ पडतो. कड आधी झिजते, म्हणून शेवटी चारही बाजूंनी तिरप्या कापाची पट्टी लावा, ती कोपऱ्यावर नीट वळते.

घोंगडीची भीती वेगळी. गरम पाणी, साबणाचा जोर आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटून नमद्यासारखी, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या जाड लोकरीसारखी, होते आणि तिला परत मूळ मापाला आणता येत नाही. गार पाणी, रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य लिक्विड साबण, आणि पिळणं नाही. लोकर ओली असताना कमजोर असते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवी पसरून वाळवा. क्लोरीनचं ब्लीच तिच्यावर कधीच टाकू नका, त्यात लोकर विरघळते. उसवलेल्या काठाला लोकरीच्या धाग्याने काजाचा टाका घाला.

मिंक ब्लँकेटला डासांच्या कॉइलने किंवा इस्त्रीने भोक पडलं असेल तर वितळलेली कडक कड आधी कात्रीने कापून टाका. ती तशीच ठेवून शिवलं तर दोरा त्या कडेवर घासून तुटतो. काठाची पट्टी सुटली असेल तर घरच्या मशीनवर हट्ट करू नका, सुई मोडते. सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्याकडे जाड कामाचं मशीन असतं, तो पटकन करून देतो.

वाटपात मिळतात ती करडी, खरखरीत ब्लँकेटं बहुतेक पानिपतला जुने लोकरी कपडे पिंजून काढलेल्या सुतापासून बनतात. त्यातले तंतू आखूड असतात, रफूचा टाका धरत नाहीत. ती सुती खोळीत घालून वापरा, तेच बरं.

ठेवणीतल्या चुका

कसरीची अळी अंधाऱ्या घडीत लोकर खाते. माळ्यावर किंवा दिवाणात टाकलेली घोंगडी वर्षभर न उघडणं म्हणजे अळीला मोकळं रान देणं. आधी धुऊन, कडकडीत वाळवून ठेवा, कारण घामाचे आणि अन्नाचे डाग तिला आवडतात. चादरीला खळ घालून ठेवू नका. प्लास्टिकच्या बंद पिशवीपेक्षा जुन्या सुती साडीत गुंडाळणं चांगलं.

डांबरगोळ्यांबाबत एक कळकळीची विनंती. त्यांत ठेवलेलं पांघरूण थेट तान्ह्या बाळावर घालू नका. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांमध्ये गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि कमतरता आहे हे घरात बहुधा माहीतही नसतं. बाळ असलेल्या घरात गोळ्या वापरूच नयेत. इतरांनीही वापरण्याआधी पांघरूण धुऊन उन्हात ठेवावं. कापूर आणि डांबरगोळ्या एकत्र तर ठेवूच नका, दोन्ही मिळून पाझरतात आणि डाग पडतात.

बदलायचं ठरलं तर

टाक्याच्या शेजारीच नवीन फाट पडत असेल, किंवा अंगठ्याच्या दाबाने कपडा जागोजागी जात असेल, तर शिवत बसू नका. अशी सुती चादर गोधडीच्या आतल्या थराला उत्तम. सुती किंवा लोकरी तुकडा इस्त्रीच्या टेबलावर घालता येतो, मिंकचा नाही, तो वितळतो.

नवं घेताना जाडी बघून घेणं ही मुंबईतली नेहमीची चूक. सांताक्रूझला नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ला. एरवी इथली थंडी जानेवारीतले थोडे दिवस, बाकी वर्षभर पंखा नाहीतर एसी. दुकानात दोन प्रश्न स्वतःला विचारा: हे माझ्या मशीनमध्ये मावेल का, आणि माझ्या दोरीवर एका दिवसात वाळेल का? दोन्हींचं उत्तर हो नसेल तर ते धुतलं जाणार नाही. डबलबेडचं एक घेण्यापेक्षा सिंगल दोन घ्या. धुणं, वाळवणं, दुरुस्ती सगळं सोपं होतं, आणि एक फाटलं तरी दुसरं शाबूत राहतं. "शुद्ध लोकर" म्हणून भलतंच स्वस्त मिळत असेल तर काठाचा धागा जाळून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या नावावर दुसरीकडचा मालही विकला जातो, तेव्हा उत्पादकाचं नाव-पत्ता असलेलं लेबल बघूनच घ्या.

जुनं कुणाला देणार असाल तर धुऊन, शिवून द्या. प्राण्यांच्या दवाखान्यात द्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा, सगळीकडे सगळं घेत नाहीत. आणि त्यात ढेकूण झाले असतील तर कुणालाच देऊ नका. कपडा सोसणारा असेल तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा, त्यात ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. सोसणारा नसेल तर कचराकुंडीजवळ अख्खं ठेवून येऊ नका, कुणीतरी गरजू ते उचलून घरी नेईल. तुकडे करा, पिशवीत घट्ट बांधा, वर "ढेकूण" असं ठळक लिहा आणि कचरा नेणाऱ्याला सांगून त्याच्या हातात द्या.