लहान मुलांना गाणं शिकवायचंय? वही-पेन्सिल आत ठेवा, आधी खेळ काढा

आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात कुणाच्या घरी माळ्यावरून बाजाची पेटी खाली उतरली की लगेच सहा वर्षांच्या पोराला समोर बसवून सा रे ग म घोकायला लावतात, आणि पोरगं महिनाभरात पळ काढतं. ग्वाल्हेर म्हणजे तानसेनचं गाव, ख्याल गायकीचं जुनं घराणं इथलं, त्यात २०२३ मध्ये युनेस्कोनं संगीताचं शहर म्हणून यादीत घेतलं, मग पालकांना घाई होणारच. पण पहिली ते चौथीच्या मुलांना स्वरांची नावं सहा महिन्यांनी सांगितली तरी काही बिघडत नाही, आधी कान तयार झाला पाहिजे आणि हातापायांत ठेका बसला पाहिजे. त्यासाठी तुम्ही गवई असायची गरज नाही, साधं सुरात गुणगुणता आलं तरी पुरे.

सुरुवात कानापासून. मुलांना गोलात बसवा, डोळे मिटायला सांगा, मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा. जो जो नवीन आवाज येईल त्याला एकेक बोट दुमडायचं, बोलायचं नाही. कुकरची शिट्टी, ई-रिक्षाचा हॉर्न, देवळातली घंटा, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, सगळं चालेल. मिनिट झालं की विचारा, यातला सगळ्यात बारीक आवाज कुठला आणि सगळ्यात जाड कुठला? इथे एक घोळ हमखास होतो, मुलांना मोठा आवाज आणि वरचा सूर एकच वाटतात. म्हणून पेटीवर एकच पट्टी आधी हळू आणि मग भाता जोरात मारून वाजवा, सूर बदलला का विचारा, अर्धी मुलं हो म्हणतील. मग लांबची पट्टी वाजवून दाखवा. वरचा सूर आला की उभं राहायचं, खालचा आला की बसायचं, एवढ्या खेळावर दोन-तीन तास सहज निघतात आणि पोरं दमतात ते वेगळंच.

आता ताल, माझ्या मते या वयात खरी मजा इथेच आहे. आठ मुलं गोलात उभी करा आणि आठ मात्रांच्या (ठोक्यांच्या) केरवा तालाचा एकेक बोल एकेकाला वाटून द्या: धा गे ना ती ना के धी ना. ज्याचा बोल त्यानंच म्हणायचा. पहिल्यानं टाळी द्यायची, पाचव्यानं टाळीऐवजी हात उघडून बाजूला न्यायचा, त्या जागेला तालात 'खाली' म्हणतात. चार-पाच आवर्तनं, म्हणजे पूर्ण फेऱ्या, नीट झाली की एका मुलाला सांगा, तू आता तुझा बोल मनात म्हण. बघा काय होतं, पुढचा पोरगा लगेच घाईनं आत घुसतो! मात्रा गप्प असली तरी तिचा वेळ द्यावाच लागतो, हे समजावून सांगायला गेलात तर तास जाईल, खेळात ते आपोआप कळतं. मग दोघांना गप्प करा, मग चौघांना, शेवटी फक्त सम, म्हणजे पहिली मात्रा, ऐकू यायला हवी. मुलं कमी असतील तर एकेकाला दोन बोल द्या. हे जमलं की तीनतालाकडे जा, सोळा मात्रा, टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर आणि नवव्यावर खाली.

लय पळते, पळणारच, गणपतीच्या आरतीत मोठ्यांचे टाळसुद्धा शेवटी धावतातच की. सुरुवातीला मेट्रोनोम (एकसारखी टकटक करून लय दाखवणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ऐंशी ठोक्यांच्या आसपास ठेवा, नंतर मुद्दाम बंद करून बघा.

सुराकडे वळलात की पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, सांभाळा. मधल्या सप्तकातली काळी एक (पहिली काळी पट्टी) घेतली तर बहुतेक मुलांना वरच्या सा पर्यंत ताण न देता जाता येतं. पुरुष शिक्षक असतील तर त्यांचा आवाज एक सप्तक खाली लागतो, मुलं त्यांची नक्कल करायला जातात आणि घशातून घरघर काढतात, अशा वेळी पेटीवर किंवा एखाद्या मुलीकडून सूर द्यावा. मोबाईलवर तानपुरा लावून ठेवायचा आणि सगळ्यांनी नुसता सा धरायचा, ज्याचा श्वास संपला तो खाली बसला, शेवटपर्यंत उभा राहिला तो जिंकला. ओरडला तर आउट.

पेटी असेल तर हे नक्की करा. काळी तीन ला सा मानलं की फक्त काळ्या पट्ट्यांवर सा रे ग प ध म्हणजे भूप रागाचे सूर मिळतात, म्हणजे मूल कुठलीही काळी पट्टी दाबो, चुकीचा सूर लागतच नाही. तुम्ही तीन-चार स्वरांचा तुकडा वाजवा, मुलानं त्याला उत्तर म्हणून आपला तुकडा वाजवायचा. रागाचं नाव सांगायची काही घाई नाही.

रेकॉर्डिंग ऐकवताना दोन मिनिटांच्या वर जाऊ नका आणि एका वेळी एकच प्रश्न द्या. तबला कधी सुरू झाला, हात वर करा. गाणारा कुठे थांबला? सरोद आहे की सतार? "कसं वाटलं?" असं विचारलंत तर उत्तर एकच येतं, "अच्छा लगा", आणि विषय संपला.

कंटाळा आला की स्टीलच्या चमच्यानं काचेचे ग्लास वाजवा, पाणी वाढवलं की सूर खाली उतरतो. बाटलीच्या तोंडावर फुंकलं तर उलटं, पाणी वाढलं की सूर चढतो. याचं कारण मुलांनाच शोधू द्या.

आणि ग्वाल्हेरात राहून खरी वाद्यं दाखवली नाहीत तर काय उपयोग, जीवाजीगंजातलं सरोद घर एकदा दाखवाच, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांच्या घरात केलेलं संग्रहालय आहे ते. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, प्रवेश फुकट, पण मुलांना अर्ध्या तासाच्या वर बसवू नका. कडेला जागा धरा म्हणजे मधेच उठता येतं, सकाळची सभा असेल तर बरं, संध्याकाळी थंडी फार, कानटोपी विसरू नका.