जुन्या बाजारातलं क्लॅरिनेट: रिपेअर करायचं की नाही?

पुण्याच्या जुन्या बाजारात मला १८०० रुपयात एक क्लॅरिनेट मिळालं. केस उघडली की कुबट वास, दोन पॅड (होल झाकणाऱ्या गाद्या) गायब, जोडावरच्या कॉर्कचा नुसता भुगा, पण कीज (बोटाने दाबायच्या धातूच्या पट्ट्या) चकाचक, म्हणून मी खुश. तिथंच फसलो. चकाकी बघायचीच नसते, पॉलिश काय कुणीपण मारतं.

पॅड, कॉर्क, स्प्रिंगा गेल्या असतील तर टेन्शन नाही, ते चपलेच्या तळव्यासारखं झिजणारच. पॅड सतराच्या आसपास लागतात, कॉर्क माउथपीस धरून चार जागी. कॉर्क नसेल तर दोऱ्याला मेण लावून गुंडाळा, तेवढ्यापुरतं भागतं. माउथपीसच्या टोकाला टवका उडाला असेल तरी हरकत नाही, तो बदलता येतो, उलट ओळखीच्या कुणाचा तरी चांगला माउथपीस आणि नवी रीड (त्यावरची कंप पावणारी पातळ पट्टी) लावूनच टेस्ट करा, अर्धी चींचीं तिथंच थांबते.

बॉडी चिरलेली असेल आणि चीर होलमधून जात असेल तर मात्र सरळ खाली ठेवा. एखादी की तुटलेली असेल तरी तेच, कारण स्वस्तातल्या कीजचा धातू इतका कच्चा की एक वाकडी सरळ करायला गेलं की दुसरीकडे तुटते. बॉडी लाकडी आहे असं विकणारा छातीठोक सांगेल, अंगठ्याने जोरात घासून वास घ्या, गंधकासारखा वास आला तर एबोनाइट, म्हणजे कडक रबर. वाईट नसतं ते, फक्त लाकडाचे पैसे देऊ नका. आणि धुवायला गरम पाणी अजिबात नको, काळा रंग हिरवट तपकिरी होतो.

आता हवेची टेस्ट. वरचा सांधा (बॉडीचा वरचा तुकडा) सुटा करा, पुसून घ्या (कुणाकुणाच्या तोंडाला लागलेला असतो देव जाणे), होल बोटांनी बंद, खालचं तोंड तळहाताने बंद, आणि वरून हवा ओढा. व्हॅक्यूम चार-पाच सेकंद टिकून बोट उचलल्यावर बारीक ‘टप्प’ झालं तर पॅड बरे आहेत. लगेच सुटलं तर सिगारेटचा पातळ कागद एकेका पॅडखाली ठेवून ओढून बघा, जो सहज सरकतो तो पॅड बदलायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मी बघितलंच नाही, ते म्हणजे बॉडीवर एचपी असा शिक्का आहे का. एचपी म्हणजे हाय पिच, जुन्या मिलिटरी बँडचं ट्यूनिंग, त्यात ए हा सूर हल्लीच्या ४४० हर्ट्झऐवजी ४५२ च्या आसपास, म्हणजे चढा. क्लॅरिनेटवर सी वाजवला की ट्यूनर ॲपवर बी फ्लॅट, म्हणजे आपली काळी पाच दिसते, हे नॉर्मल आहे, घाबरू नका. पण एचपीवाला काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध लटकतो, पेटीबरोबर जन्मात जुळणार नाही. बॅरल (माउथपीसखालचा छोटा तुकडा) बाहेर ओढून सूर उतरवायला गेलात तर वरच्या होलचे सूर जास्त उतरतात, खालचे कमी, सगळंच बेसूर. याला रिपेअर नाही.

करंगळीजवळच्या कीजवर छोटे रोलर दिसले तर बहुतेक आल्बर्ट सिस्टीम, म्हणजे कीज आणि बोटांची जुनी मांडणी असते. बँडवाल्या काकांकडे शिकणार असाल तर घ्या, यूट्यूबवरून शिकणार असाल तर बोटं जुळणार नाहीत.

पैशाचं म्हणाल तर रिपेअरवाल्याकडून आधी आकडा घ्या, उघडल्यावर नाही. मला ३५०० सांगितले. माझा हिशोब असा, चालू कंडिशनमधलं प्लास्टिक बॉडीचं सेकंडहँड जेवढ्याला मिळतंय त्याच्या निम्म्यावर खर्च गेला की सोडून द्यायचं. आजोबांचं वगैरे असेल तर हा हिशोब लावू नका, ते वेगळं.

माझं एचपीच निघालं. केस मात्र चार दिवस उन्हात ठेवल्यावर झकास झाली, आता तिच्यात दुसरं क्लॅरिनेट राहतंय.