खिशातला जुन्या पद्धतीचा चाकू घेतलाय? मग या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

मागच्या जुलैत चिपळूणला मावशीकडे गेले होते. मावशीने काकड्या समोर आणून ठेवल्या आणि म्हणाली, काढ गं तुझा तो फ्रान्सचा चाकू. मी ऐटीत ओपिनेल (लाकडी मुठीत पातं मिटणारा चाकू) काढला आणि पातं बाहेरच येईना. नख घातलं, नख तुटलं. मावसभाऊ लगेच पक्कड घेऊन हजर. शेवटी मावशीनेच विळी ओढली, चार काकड्या चिरल्या आणि वर म्हणाली, "ही माझ्या लग्नातली, अजून एकदाही अडकली नाही."

तर ती पक्कड ही पहिली चूक. पात्यावर ओरखडे उठतात आणि वाकडंतिकडं ओढलं की सांधा ढिला होतो. मुळात चाकू बिघडलेलाच नव्हता. ओपिनेलची मूठ म्हणजे बीच लाकडाचा एकच तुकडा, त्याला मधे खाच पाडून पातं बसवलेलं. फ्रान्सच्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेलने 1890 साली शेतकऱ्यांसाठी बनवला तेव्हा साधा, स्वस्त, हलका असावा एवढाच हिशोब होता, त्यामुळे आत धातूची पट्टी वगैरे भानगड नाही, पात्याच्या दोन्ही बाजूंना थेट लाकूड. आता ते लाकूड कोकणातल्या पावसाळ्यात महिनाभर ठेवलं तर ते फुगणारच, आपल्या घराचे दरवाजे फुगतात तसंच.

उपायही तिकडच्याच लोकांचा आहे. आधी गळ्याशी असलेली लोखंडी रिंग फिरवून मोकळी करायची, मूठ मधे धरायची, बोटं खाचेवर अजिबात नकोत, आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर ठक्क करून आपटायचं. पात्याचं टोक थोडं वर येतं, मग बोटांनी ओढायचं. नंतर दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, लाकूड तडकतं.

आता तेल. मी काय केलं असेल? घरात खोबरेल होतं, घातलं. थंडीत ते गोठलं आणि उन्हाळ्यात खवट वास सुटला, आणि त्याच चाकूने मी सफरचंद कापत होते. मग कोणीतरी सांगितलं जवसाचं तेल लाकडाला बेस्ट, ते खरंय पण लाकडाला बाहेरून, सांध्यात नाही, कारण ते वाळून चिकट थर धरतं. सरळ मेडिकलमधून लिक्विड पॅराफिनची बाटली आणा (बद्धकोष्ठतेला देतात तेच, दुकानदार जरा सहानुभूतीने बघतो, बघू दे). सांध्यात दोन थेंब टाकायचे, दहा वेळा उघडबंद करायचं, पुसायचं, झालं.

सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते पातं काळं पडल्यावर. "गंजला हो, डुप्लिकेट दिला." अहो, कार्बन स्टीलचा घेतलाय ना! मी पहिल्याच दिवशी कैरी कापली, पाच मिनिटांत पात्यावर निळी-जांभळी झाक आली, बोटांना लोखंडाचा वास आणि कैरीच्या फोडीही कडेने काळपट. मी घाबरून तारेच्या घासणीने लखलखीत घासला, परत कैरी, परत काळा, परत घासणी, असं आठवडाभर चाललं. शेवटी मावशीच्या विळीकडे बघितल्यावर डोक्यात प्रकाश पडला, तिचं पातं कुठे चकचकीत आहे? काळं-राखाडीच आहे आणि म्हणूनच टिकलंय. हा काळा थर पुढचा गंज बराच रोखतो. तांबूस, खरखरीत, बोटाला लागतो तो खरा गंज, तो तेवढ्यापुरता काढा. आणि लिंबू-कैरी कापून झाली की धुवून लगेच कोरडा पुसा, सिंकमध्ये पाण्यात सोडून फोनवर बोलत बसू नका. एवढं जमणार नसेल तर स्टेनलेसचा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

धार. सायकलच्या चाकावर सहाण फिरवणाऱ्या काकांकडे सुऱ्या-कात्र्या खुशाल द्या, पण हा चाकू नको. याचं पातं मुद्दाम पातळ केलेलं असतं, ठिणग्या उडेपर्यंत घासलं की कड तापून निळी पडते आणि मग तिथलं पोलाद मऊ होतं, धार धरतच नाही. माझा एक असाच गेला, आता त्याने पाकिटं फोडते. घरी बारीक दगडावर पाणी टाकून 20 अंशांच्या आसपास कोन धरायचा, दोन्ही बाजूंना सारखेच हात द्यायचे, आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून ओढायचं.

आता बोटं वाचवणारा मुद्दा, हा नीट वाचा. जुन्या पद्धतीच्या बहुतेक चाकूंना लॉक नसतो! आपण "खट्" आवाज ऐकतो आणि वाटतं अडकला, पण ती फक्त पाठीमागची स्प्रिंगची पट्टी पात्याला दाबून धरते. म्हणून टोचायचं काम, डब्याचं झाकण उचकटणं, नारळ फोडायची हौस, सगळं बंद, पातं मिटून थेट बोटांवर येतं. स्विस चाकूचंही तेच, बहुतेक छोट्या मॉडेलना लॉक नाही. ओपिनेलला 1955 पासून ती फिरणारी रिंग आहे खरी, पण ती आपण फिरवली तरच, आणि माझ्या अंगठ्यावरची खूण त्याचीच साक्ष.

लागिओल (हाही फ्रान्सचाच मिटणारा चाकू) घेणार असाल तर मिटताना पातं खटकन सोडू नका, काही चाकूंत धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि बरोबर तिथेच बोथट होते. बोटाने धरून हळू मिटवा. आणि पाठीवर मधमाशीचा शिक्का आहे म्हणून अस्सल समजू नका, तो शिक्का स्वस्तातल्या नकलांवरही असतो. ती माशी नेपोलियनने बहाल केली असं विकणारे सांगतात, पण हा चाकू 1829 चा मानतात आणि नेपोलियन गेला 1821 ला, बघा तुम्हीच.

शेवटची चूक सगळ्यात महाग. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चाकू विसरून विमानतळावर जाणं. चाकू चेक-इन सामानातच टाकायचा, केबिन बॅगेत चालत नाही. माझा 8 नंबरचा ओपिनेल, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, दोन वर्षं कैऱ्या कापून मस्त काळा झालेला, सिक्युरिटीच्या डब्यात गेला. डब्यात आधीपासून तीन कात्र्या होत्या आणि एक नारळ.