अंड्यावरचा सेमिनार

एम.ए.च्या पहिल्या वर्षी 'इंग्रजी भाषेचा इतिहास' या विषयावर मी बेचाळीस स्लाइडची पीपीटी केली होती. वेळ दहा मिनिटं. इ.स. 450च्या आसपास अँगल्स, सॅक्सन आणि ज्यूट या जर्मानिक टोळ्या ब्रिटनमध्ये आल्या तिथून सुरुवात केली आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मन लोकांच्या 1066 सालच्या आक्रमणापर्यंत कशीबशी पोचले, तोवर सरांनी घड्याळ दाखवलं. पुढची साडेनऊशे वर्षं पेन ड्राइव्हमध्येच राहिली.

त्यावर सरांनी एकच प्रश्न विचारला. "नॉर्मन राजे फ्रेंच बोलायचे ना? मग आज लंडनमध्ये फ्रेंच का बोलत नाहीत?" मला सन पाठ होते, पण त्यामागचं कारण एकही माहीत नव्हतं. नॉर्मन मूठभर होते, 1204 साली नॉर्मंडी त्यांच्या हातून गेली, मग इंग्लंड हेच घर उरलं. 1362 साली कोर्टातले खटले इंग्रजीत चालवायचा कायदाही झाला. हे सगळं मी नंतर वाचलं, मार्क गेल्यावर.

आता मी तासिका तत्त्वावर शिकवते आणि दरवर्षी असल्या फायली तपासते. बहुतेक फायली माझ्या त्या पीपीटीच्या सख्ख्या बहिणी असतात: ओल्ड, मिडल, मॉडर्न, चॉसर, शेक्सपिअर, समाप्त. सीनियरची फाइल, वर नवं स्पायरल. म्हणून पहिल्यांदाच हा विषय घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, की दीड हजार वर्षांच्या वाटेला जाऊ नका, एक शब्द धरा.

दुसऱ्या वर्षी मी अंडं धरलं. इंग्लंडमध्ये छापखाना आणणारा विल्यम कॅक्स्टन (वर्ष 1476, जागा वेस्टमिन्स्टर) याने 1490च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक किस्सा सांगितला आहे. थेम्स नदीतून हॉलंडकडच्या झीलँडला निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे वाटेत किनाऱ्याला अडकले. त्यांच्यातल्या एकाने एका घरी जाऊन खायला काही मागितलं, मुख्यतः 'एग्ज'. घरच्या बाई म्हणाल्या, मला फ्रेंच येत नाही. हा गडी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं, त्याला अंडी हवी होती! शेवटी दुसरा कुणी म्हणाला, 'आयरेन' द्या, तेव्हा बाईंना कळलं.

या एका गोष्टीत माझा अख्खा सेमिनार बसला. 'आयरेन' हा जुन्या इंग्रजीतून आलेला शब्द, जर्मन 'आयर'चा भाऊबंद. 'एग' आला स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून. 793 साली लिंडिसफार्नचा मठ लुटणारे हे लोक पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडात संसार थाटून बसले. त्यांनी 'स्काय' दिला, 'विंडो' दिली, एवढंच काय 'दे' हे सर्वनामही दिलं. डर्बी, व्हिटबी या नावांतलं शेवटचं 'बी' त्यांचंच, म्हणजे गाव. आणि आता कॅक्स्टनची पंचाईत बघा: छापायचं काय, 'एग्ज' की 'आयरेन'? लेखनाची घडी छापखान्याने कशी बसवली, हा मुद्दा तिथून आपोआप निघतो. सात स्लाइड झाल्या, वेळ उरला.

उच्चारांचा भाग आला की मुलं घाबरतात. पण इथे आपल्याकडे देवनागरी आहे, ती वापरा. साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले. फळ्यावर लिहा: 'टाइम' आधी 'टीम'सारखा, 'हाउस' आधी 'हूस', आणि 'नेम' चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या तोंडी जवळजवळ 'नामअ'. वर्ग हसतो, पण विसरत नाही. छापखान्यामुळे स्पेलिंग गोठत चाललं आणि आवाज पुढे निघून गेला, म्हणून 'नाइट' (knight, म्हणजे सरदार) मधला 'के' अजून पहाऱ्यावर उभा आहे. तोही एकेकाळी उच्चारला जायचा.

तसंच संस्कृत आणि इंग्रजी शब्दांच्या जोड्या लावून दाखवा: दंत-टूथ, त्रि-थ्री, पाद-फूट. आपल्याकडचा 'द' तिकडे 'ट', 'त' तिकडे 'थ', 'प' तिकडे 'फ', हा नियम याकोब ग्रिमने 1822 साली मांडला. हो, परीकथा जमवणाऱ्या दोघा भावांतला थोरला. संस्कृतशी तोंडओळख असलेल्या मुलाला हे जितकं चटकन दिसतं, तितकं लंडनच्या मुलाला दिसत नसेल असं मला उगीच वाटतं.

सावध राहायचं ते सुंदर गोष्टींपासून. दरवर्षी कुणीतरी 'पॉश' शब्द घेतं: हिंदुस्थानात येणाऱ्या बोटीवर जाताना डावीकडची, परतताना उजवीकडची केबिन सावलीत, म्हणून 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पॉश. गोष्ट झकास, पण तसं छापलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. आद्याक्षरांतून जुना शब्द जन्मला असं कुणी सांगितलं की आधी ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडा. शब्द पहिल्यांदा लिहिलेला कधी सापडतो ते सालासकट तिथे असतं.

जुन्या इंग्रजीतली थॉर्नसारखी अक्षरं कॉलेजच्या कॉम्प्युटरवर हमखास चौकोन होऊन दिसतात, तेव्हा पीपीटीची पीडीएफ सोबत ठेवा. जुन्या इंग्रजीतल्या 'बेओवुल्फ' या महाकाव्याचं वाचन ऐकवणार असाल तर स्वतःचा स्पीकर न्या, आणि अर्ध्या मिनिटात बंद करा.

गेल्या वर्षी एका मुलाने 'मंगूस' घेतला. शब्द मराठी 'मुंगूस'वरूनच तिकडे गेला, हे कळल्यावर वर्गात एकदम कॉलर ताठ झाल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खोचकपणे विचारलं, "अनेकवचन काय? गूसचं गीस, मग मंगूसचं?" तो म्हणाला, "मंगूसेस, सर. त्याचा हंसाशी काही संबंध नाही, तो आमच्या शेतातला आहे."