फ्रीझरमधली मटकी रिकॉल झाली तर काय करायचं

सगळ्यात आधी फ्रीझर उघडा, हे वाचता वाचताच उघडा. ओल्या खोबऱ्याच्या आणि मटारच्या पाकिटांखाली कुठेतरी मोड आलेल्या मटकीचं नाहीतर मुगाचं पाकीट असणारच, अमेरिकेतल्या मराठी घरात ते नसेल तर मिसळ होते कशी हाच प्रश्न.

झालं असं होतं की जुलै २०२५ मध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनच्या चेतक कंपनीने दीप ब्रँडची फ्रोझन मोडाची मटकी आणि मोडाचे मूग, दोन्हीची १६ औंसाची म्हणजे साडेचारशे ग्रॅमची पाकिटं परत मागवली, यालाच रिकॉल म्हणतात, भारतातून आलेल्या या मालात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा बॅक्टेरिया सापडला म्हणून. तेव्हाचा आकडा १० राज्यांत मिळून ११ आजारी, त्यातले ४ हॉस्पिटलात, कोणी दगावलं नाही. आता ११ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण हे फक्त टेस्ट होऊन नोंदले गेलेले, दोन दिवस पेज आणि ताकावर काढून घरीच बरे झालेले लोक यात धरलेलेच नाहीत. शिवाय यातलं पहिलं आजारपण ऑक्टोबर २०२४ मधलं आणि रिकॉल पुढच्या जुलैत, म्हणजे मधले आठ-नऊ महिने लोक मजेत उसळ करून खात होते. फ्रोझन मालाचं हेच अवघड असतं, पालक रिकॉल झाला तर तोवर सडून गेलेला असतो, मटकी मात्र वर्षभर शांतपणे पडून राहते. आणि फ्रीझरमध्ये साल्मोनेला मरत नाही हो, नुसता झोपतो.

आता पाकीट तपासायचं कसं. नुसतं ब्रँडचं नाव बघून घाबरू नका आणि नुसती एक्सपायरी बघून निवांतही होऊ नका, बघायचा असतो लॉट नंबर, म्हणजे त्या खेपेचा नंबर. या केसमध्ये तो पाकिटाच्या मागच्या बाजूला होता, आयएन आणि पुढे पाच आकडे. तो एफडीएच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या अन्न-औषध खात्याच्या, वेबसाइटवरच्या यादीशी एकेक आकडा लावून ताडून बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोवरून नको, त्यात निम्मी यादी कापलेली असते. आणखी एक घोळ म्हणजे पाकिटावर मटकी असं लिहिलेलं नसतं, मठ किंवा मॉथ असं असतं, तेव्हा आमच्याकडे मटकी नाहीच असं म्हणून फ्रीझर बंद करू नका.

माझी गंमत इथेच झाली. मला सवय, पाकीट आणलं की कापायचं, निळ्या झाकणाच्या डब्यात ओतायचं आणि प्लास्टिक कचऱ्यात. रिकॉल वाचला तेव्हा डबा अर्धा भरलेला आणि लॉट नंबर कुठल्या कुठे गेलेला. दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या मुलाला रिकॉल झालाय हेच माहीत नव्हतं. अशा वेळी नियम एकच, नंबर माहीत नाही म्हणजे ते पाकीट रिकॉलमधलंच समजायचं आणि फेकायचं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकळली की मरतं ना सगळं? चार डॉलरची मटकी टाकतेस?" मरतं, त्यांचं चूक नाही, आतपर्यंत १६५ फॅरनहाइट म्हणजे ७४ सेल्सिअस तापलं की साल्मोनेला मरतो. पण आई, तोपर्यंत ती मटकी सिंकमध्ये वितळलेली असते, ते पाणी ओट्यावर सांडलेलं असतं, त्याच हाताने आपण कोथिंबीर चिरून वर भुरभुरवतो, आणि कोथिंबीर कोण उकळतं? मुगाची कोशिंबीर करणाऱ्यांनी तर मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट फिरवलं की झालं, आत गारच.

तर फेकताना पिशवीत घट्ट बांधून फेका, किंवा दुकानात नेऊन पैसे परत घ्या, पण सिंकखालच्या डिस्पोजरमध्ये (खरकटं दळणाऱ्या यंत्रात) घालून सिंकभर उडवू नका आणि शेजारणीला तर अजिबात देऊ नका. मग फ्रीझरचा तो कप्पा, डबा, चमचे, ओटा हे सगळं आधी साबणाच्या गरम पाण्याने आणि नंतर गॅलनभर पाण्यात एक टेबलस्पून ब्लीच घालून पुसून काढायचं.

खाऊन झालं असेल तर लगेच हातपाय गाळू नका. त्रास व्हायचा तर सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतो, जुलाब, ताप, पोटात मुरडा, आणि बहुतेकांना चार ते सात दिवसांत आपोआप बरं वाटतं. ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. पण जुलाबात रक्त, १०२ च्या वर ताप, तीन दिवस होऊनही जुलाब थांबत नाहीत किंवा पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, असं काही असेल तर सरळ डॉक्टर. पाच वर्षांखालची मुलं आणि पासष्टीच्या पुढची माणसं असतील तर थोडं आधीच जा. ताप किंवा रक्त असताना जुलाब बंद करायच्या गोळ्या मनाने घेऊ नका. उरलेली अँटिबायोटिक्स पण नको.

कोणी म्हणेल मग घरीच मोड आणू. आणा की, मी पण आणते, पण ते आपोआप सेफ होत नाही, कारण बॅक्टेरिया बऱ्याचदा दाण्यावरच असतात आणि फडक्यातली ऊब आणि ओल त्यांना मटकीपेक्षा जास्त मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया पसरला होता, पन्नासच्या वर माणसं गेली, आणि शोध घेत गेले तर बोट इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांकडे गेलं. म्हणून मोड घरचे असोत की दुकानातले, चांगली वाफ आणूनच खायचे, गरोदर बाईला आणि लहान पोरांना कच्चे तर मुळीच नाही.

भारतात असाल तर रिकॉलचे नियम एफएसएसएआयचे, म्हणजे तिथल्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे, २०१७ पासूनचे आहेत, आणि तक्रार त्यांच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ऑनलाइन सोयीवर करता येते, तिथेही बॅच नंबरचा फोटो असला की काम सोपं जातं. मी आता पाकिटाचा तो नंबराचा तुकडा कापून डब्याला सेलोटेपने चिकटवते.

आणि अमेरिकेत तुमची साल्मोनेलाची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर हेल्थ डिपार्टमेंटचा फोन येऊ शकतो, आधीच्या आठवड्यात काय काय खाल्लं म्हणून विचारतात. तेव्हा घाईघाईत "बीन करी" असं सांगून मोकळे होऊ नका, मोड आलेली मटकी होती, फ्रोझन होती, अमुक दुकानातून आणली हे सगळं सांगा, नाहीतर त्यांच्या फॉर्मवर राजमा जातो.